भोपळा कापायला माणूस

आमच्या मागच्या भिंतीवर यंदाही लाल भोपळ्याचा वेल चढला आहे. मुद्दाम कोणी लावलेला नाही, खतपाणी कोणी घातलेलं नाही. शेठना जाऊन दोन पावसाळे झाले, पण वेलाला कोणी कळवलेलं दिसत नाही. भिंतीच्या अलीकडे माझं घर आणि पलीकडे छावणीतल्या आमच्या चर्चचं आवार. आवाराच्या कोपऱ्यात ती पत्र्याची खोली, जिथं एकेकाळी शहराच्या चारी अंगांना प्लॉट पाडून विकणारा हा माणूस एका कॉटवर आणि दोन ताटांवर राहिला.

शेठ म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही. "शेठ बाप्तिस्म्यात बुडाला, बाई," ते म्हणायचे. मी शाळेत गणित शिकवायची, म्हणून त्यांच्यासाठी शेवटपर्यंत बाईच.

"बुडाला कसला," मी म्हणायची, "श्वास धरून बसलाय खाली."

बुडाला हे मात्र खरं होतं. आमच्याकडे बाप्तिस्म्याला डोक्यावर ओंजळभर पाणी घालतात. शेठ म्हणाले, एवढ्यानं भागायचं नाय, आमचा मळ लई जुना हाय. मग पाळकसाहेबांना गाडीत घालून त्यांनी कायगावला नेलं आणि गोदावरीत स्वतःला बुडवून घेतलं. पाळकसाहेबांना पोहता येत नव्हतं, ते शेठच्याच खांद्याला धरून उभे होते. नवीन नाव कोणतं घेता, असं विचारल्यावर शेठ म्हणाले, नाव राहू द्या, त्याच्यापायी आधार कार्डाला पुन्हा चकरा कोण मारणार.

पहिल्यांदा ते आले होते आमची जागा बघायला. आवाराच्या मागची पट्टी विकत घ्यायची होती त्यांना. एका रविवारी पांढऱ्याशुभ्र कडक शर्टात आले, पावलं टाकत लांबी-रुंदी मोजली, चिमूटभर माती उचलून बोटांत चोळली आणि ऊन लागलं म्हणून आत येऊन मागच्या बाकावर टेकले. उपासना चालू होती. पाळकसाहेब त्या श्रीमंत तरुणाची गोष्ट सांगत होते, ज्याला प्रभू म्हणाला, सगळं देऊन टाक आणि माझ्यामागं ये, आणि जो खाली मान घालून निघून गेला. उपासना संपल्यावर शेठनी पाळकसाहेबांना दारातच गाठलं.

"तो पोरगा नंतर परत आला का?"

"शास्त्रात तसं काही लिहिलेलं नाही."

"म्हंजे जागा अजून रिकामीच हाय की."

पाळकसाहेब घाईनं म्हणाले, "जागा विकायची नाही, कमिटीनं ठरवलंय." शेठ पुढच्या रविवारी पुन्हा आले, त्याच्या पुढच्याही. मोजणी मात्र पुन्हा केली नाही.

का आलात, असं मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं होतं. प्लॉट विकला की आनंद व्हायचा, म्हणाले. आधी आठवडाभर पुरायचा, मग दोन दिवस, मग सही करतानाच संपायला लागला. "आन् इथं तुमी लोक गात व्हता, बेसूर गात व्हता, बाई, वाईट वाटून घेऊ नका, पण मागं बसलेल्या माणसाकडं कुणी कामापुरतं बघत नव्हतं. मला लई बरं वाटलं."

कामापुरतं कमिटीनं नंतर बघितलं. एवढा मोठा माणूस मंडळीत येतोय म्हटल्यावर नव्या हॉलच्या फरशीचा रंगसुद्धा ठरला होता. आणि शेठ आले ते हातात एक पेटी आणि अंगावर एक शर्ट घेऊन. बंगला, गाड्या, ऑफिस, न विकलेले प्लॉट, सगळं बायकोच्या नावावर. खजिनदारांचा चेहरा मला अजून आठवतो. कोणीतरी धीर करून विचारलंच, म्हणजे मंडळीसाठी काहीच नाही का? शेठ म्हणाले, "प्रभू टाकून ये म्हणाला. उचलून आण कुठं म्हणाला?"

मीही कमी नव्हते. "शास्त्रात गरिबांना द्या लिहिलंय," मी म्हटलं, "बंगल्यातल्या बाईला नव्हे."

त्यावर त्यांनी नीट समजावलं. ज्या लोकांना त्यांनी पाणी साचणारे प्लॉट विकले होते, त्यांना बोलावून त्यांनी उंचावरचे बदलून दिले होते. ते वाटून उरलं ते तिचं. धंद्यातला पहिला प्लॉट तिच्या पाटल्या मोडून घेतला होता. "मग सरळ सही करून टाकली," ते म्हणाले.

'करून टाकलं' हा त्यांचा आवडता शब्द. शेठनी कधी कोणाला विचारून काही केलं असं मला आठवत नाही. एका सकाळी उठते तर माझ्या फाटकाला हिरवा रंग. "गंजलं व्हतं, करून टाकलं." माझी जाईची वेल कापून बोडकी केली, ती करून टाकली. चर्चमधले सगळे बाक एका शनिवारी वाऱ्याच्या दिशेनं फिरवले आणि रविवारी मंडळी वेदीकडे पाठ करून बसायची वेळ आली. पाळकसाहेब पहिल्यांदाच ओरडले. शेठनी निमूटपणे बाक पुन्हा फिरवले आणि वारा कसा येईल म्हणून खिडकीची जाळी काढून टाकली. ती पण न विचारता.

प्रार्थनासुद्धा ते तशीच करायचे, समोर सौद्याची पार्टी बसल्यासारखी. "प्रभू, हिचं दुखणं मिटवून टाका. ताणून धरू नका. तुमचं टायटल क्लिअर हाय, तुमाला कोण अडवतंय?" आम्ही डोळे मिटून ओठ चावत उभे राहायचो.

सुरुवातीला ते अनवाणी फिरायचे. मे महिन्यात, छावणीच्या डांबरी रस्त्यावरून. लोक कौतुकानं बघायचे आणि त्यांनाही ते थोडं आवडायचं, हे मला दिसत होतं. एक दिवस मी त्यांना भर रस्त्यात थांबवलं. माझे आजोबा गंगापूरकडच्या एका गावचे, गावाबाहेरच्या वस्तीतले. पाटलाच्या दारावरून जाताना त्यांना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. प्रभूनं तुम्हाला काय दिलं, असं त्यांना कोणी विचारलं की ते पाय पुढे करून चप्पल दाखवायचे. हे मी शेठना सांगितलं आणि म्हटलं, "आमच्या पायात चप्पल यायला पिढ्या गेल्या, आणि तुम्ही ती काढून पुण्य कमावताय? उद्या पायात काही दिसलं नाही तर माझ्याशी बोलू नका."

ते तसेच पैठण गेटच्या बाजारात गेले असणार. संध्याकाळी पायात निळ्या रबरी स्लिपर होत्या. पुढं ते नेहमी सांगायचे की पाळकसाहेबांचं प्रवचन त्यांना वर्षभर कळलं नाही, बाईंचं एका मिनिटात कळलं. स्लिपर त्यांनी पुन्हा कधी सोडल्या नाहीत.

शनिवारी चर्चच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली ते खुर्ची टाकून बसत. प्लॉट घ्यायला निघालेली माणसं कागद दाखवायला येत. वाळूजच्या कंपन्यांतले कामगार, रिक्षावाले, आमच्या शाळेचा शिपाई. शेठ कागद डोळ्यांजवळ धरत आणि म्हणत, "घेऊ नको. इथं पावसात गुडघाभर पाणी असतंय. मला ठावं हाय, असले म्याच विकलेत." समोरचा माणूस गोंधळून त्यांच्याकडे बघत राही. पुढे त्या लिंबाखाली इतकी गर्दी व्हायला लागली की भाजीवाला चाचा आपला हातगाडा तिथंच लावायला लागला. भोपळ्याचं बी त्यानंच दिलेलं. "शेठ," तो म्हणायचा, "लाखों का माल छोडे, और पकडे तो क्या, भोपला!" शेठ खूश होऊन हसायचे.

बी खोलीमागं लावलं आणि वेल माझ्या भिंतीवर सोडून दिला, अर्थातच न विचारता. पण भोपळे सुरेख यायचे. आता आमच्याकडची एक गंमत सांगते. बाप्तिस्मा घेऊन तीन पिढ्या झाल्या, पूजा गेली, नवस गेले, पण अख्ख्या भोपळ्याला आमच्या बायका अजून पहिली सुरी लावत नाहीत. पहिला वार पुरुषानं घालायचा, मग पुढं आपण काय हवं ते करा. शास्त्रात याचा कुठं पत्ता नाही, आणि मी गणिताची बाई असूनही माझा हात धजत नाही. घरात मी आणि माझी म्हातारी आई. त्यामुळे भोपळा आणि सुरी मी भिंतीवर ठेवायची आणि हाक मारायची. शेठ एका घावात दोन फाकी करून परत ठेवायचे. आवारातल्या सगळ्या बायकांचे भोपळे तेच कापत. एकदा कापून झाल्यावर ते तिथंच सुरी धरून उभे राहिले. म्हणाले, "आमच्या घरी पण म्याच कापायचो. ती घारगे करायची."

ती, म्हणजे त्यांची बायको. सगळं सोडलं, एवढी एकच गोष्ट सुटली नाही, हे ते स्वतःच सांगायचे. दोन ताटं का ठेवलीत, असं मी विचारलं तेव्हाही सरळ बोलले. "तिनं तिचा देव सोडावा असं नाय माझं म्हणणं. तिचा देव तिला लखलाभ. फक्त एकदा शेजारी बसून जेवावं. मला एकट्याला घास जात नाय, बाई." दर रविवारी उपासनेनंतर ते तिला फोन करत. ती उचलायची, टॅक्सचं नाहीतर कोर्टातल्या तारखेचं काही विचारायची आणि ठेवून द्यायची. शेठची समजूत अशी की ती येशूवर रागावली आहे. तिचं मन वळव, म्हणून प्रभूला रोज अर्ज चालू.

मला खरं कारण कळलं ते एका दुपारी. फाटकाबाहेर मोठी पांढरी गाडी उभी होती आणि आत शेठच्या पत्नी बसल्या होत्या. उतरायला तयार नव्हत्या. शेठ कुठंतरी बाहेर गेलेले. कुठल्याशा कागदावर त्यांची सही हवी होती. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले. त्यांनी आधी विचारलं, "हे पाणी त्यांच्या खोलीतलं का?" माझ्या घरातलं आहे म्हटल्यावर प्यायल्या. साठीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर फायलींचा गठ्ठा. एका फोनवर कुणा ठेकेदाराला झापत होत्या. तो ठेवून माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या देवाशी माझं भांडण नाय, बाई. चांगलाच असंल तो. पण ह्या माणसानं मला विचारलं का? एक दिवस कागद आणून समोर टाकले, म्हणला, सगळं तुझ्या नावावर करून टाकलं. ह्यांनी डोक्यावरचा बोजा उतरवला आन् माझ्या डोक्यावर ठिवला. ह्ये मोकळे झाले. मला मोकळं व्हायचं व्हतं का न्हाई, कुणी विचारलं?"

त्यांनी रिकामा तांब्या माझ्या हातात दिला. "पोरगा पुण्याला. कोर्टकज्जे मी बघते, साइटवर उन्हात मी उभी राहते. आन् लोक म्हणतात, शेठनी केवढा त्याग केला." त्यांनी मांडीवरचा फायलींचा गठ्ठा सारखा केला. "त्यांच्या घरचं पाणी मी पिणार नाय, आन् माझ्या घरचं त्यांना देणार नाय. सांगा त्यांना."

सांगितलं. त्याच संध्याकाळी, भिंतीवरून. शेठ ताडकन म्हणाले, "अहो, सगळंच्या सगळं तिला दिलं की! आणखी काय करायचं माणसानं?"

"देण्याआधी विचारलं होतं का?"

"ह्यात विचारायचं काय?"

"तेच तर त्या म्हणतायत."

ते पुष्कळ वेळ वेलाचं एक पान बोटांत चोळत उभे राहिले. मग आत गेले. त्या रविवारी त्यांनी फोन केला नाही. पुढच्याही केला नाही. प्रभूकडे तक्रार करायची सवय, पण तिथंही गप्प. कोट्यवधी रुपये ज्यानं हसत सोडले त्या माणसाला बायकोला विचारायचं कसं हे समजेना, आणि आता फार उशीर झालाय या भीतीनं तो पोखरून निघत होता. माझा जीव तुटला. माझ्या स्वभावाला अनुसरून मीही मग एक गोष्ट न विचारता करून टाकली. त्या बाईंना फोन केला आणि सांगितलं, आमचा हंगामाचा सण आहे, उपासनेनंतर लिलाव असतो, या. लिलाव म्हटल्यावर पलीकडचा आवाज जरा जागा झाला.

हंगामाच्या सणाला मंडळी आपापल्या घरचं पीक देवापुढं आणतात. खांबांना ऊस बांधलेला, ज्वारीची कणसं, अंडी, लोणच्याच्या बरण्या, पाय बांधलेला एखादा चिडलेला कोंबडा. उपासना झाली की सगळ्याचा लिलाव. नारळ घेणारा तो देवाला परत देतो आणि तोच नारळ पुन्हा पुकारला जातो. लिलाव पुकारायचे शेठ. ते उभे राहिले की चिंचेचं बोटुकसुद्धा कॉर्नरच्या प्लॉटच्या ऐटीत विकलं जायचं. आणि सगळ्यात शेवटी त्यांचा स्वतःचा भोपळा, त्यांच्याकडची एकुलती एक मिळकत. तो दरवर्षी आमचे निवृत्त सुभेदारसाहेब स्वस्तात घेऊन जात, कारण त्यांच्यापुढं कोणी बोलत नसे.

त्या वर्षी सुभेदारसाहेबांनी बोली लावली आणि मागच्या बाकावरून एक हात वर झाला. शेठनी तिकडे बघितलं आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"पुकारा की," त्या म्हणाल्या. "बोली ऐकू आली नाय का?"

शेठ पुकारायला लागले. सुभेदारसाहेब हट्टाला पेटले, त्या शांतपणे हात वर करत राहिल्या. शेठचा आवाज एकेका बोलीला खाली खाली येत गेला. शेवटी सुभेदारीणबाईंनी नवऱ्याचा हात धरून खाली ओढला, म्हणून बरं. एक वार, दोन वार, तीन वार. भोपळा त्यांचा झाला. शेठ तो दोन्ही हातांत धरून त्यांच्यापर्यंत चालत गेले, पण त्यांनी घ्यायला हात पुढे केले नाहीत.

"ह्यो अख्खा नेऊन काय करू?" त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बाईनं ह्याला सुरी लावायची नसती. कापायला घरचा माणूस लागतो. उद्या दुपारी घेऊन या."

बायकांच्या बाजूला अशी खसखस पिकली की पाळकसाहेबांना घंटा वाजवावी लागली.

दुसऱ्या दिवशी मी शेठना माझ्या स्कूटीवर घेऊन गेले. भोपळा मांडीवर, कडक इस्त्रीचा शर्ट, पायात निळ्या स्लिपर. वाटेत त्यांनी प्रार्थनासुद्धा पुटपुटली नाही. बंगल्याच्या फाटकावर वॉचमन होता, आवारात माळी होता आणि पोर्चमध्ये ड्रायव्हर गाडी पुसत होता. तीन धडधाकट पुरुष. मी शेठकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

दारात स्लिपर काढून ते पाहुण्यासारखे उभे राहिले. स्वतःच बांधलेल्या त्या घरात कुठं बसायचं हे त्यांना समजेना. त्या आतून म्हणाल्या, "स्वयंपाकघरात या." ओट्यावर पाट, त्यावर धार लावलेली मोठी सुरी. शेजारी परातीत कणीक आणि गूळ काढून ठेवलेला. मी दाराशीच थांबले.

शेठनी भोपळा पाटावर ठेवला. डाव्या हातानं धरला, सुरी उचलली. मला त्यांचा तो घाव पाठ होता. भिंतीवर ठेवलेला भोपळा मी नजर वळवेपर्यंत दोन फाकींचा झालेला असायचा. सुरी वर गेली आणि तिथंच थांबली. त्यांनी सुरी खाली घेतली आणि बायकोकडे तोंड केलं.

"कापू का?" त्यांनी विचारलं.

त्या कणकेकडे बघत होत्या. त्यांनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"विचारतोय. कापू का?"

त्यांनी परात बाजूला सरकवली. मग पदरानं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा. माठाचं झाकण काढलं आणि पेला बुडवला.

"कापाल," त्या म्हणाल्या. "आधी पाणी प्या."